दादाराव मेश्रामांचे दहा शब्द

दादाराव मेश्रामांबद्दल लिहा, असं मला आजवर तीनदा सांगण्यात आलं. पहिल्यांदा त्यांच्या सत्काराच्या वेळी. तेव्हा मी लिहिलं, वाचूनही दाखवलं, पण त्यातली मुख्य गोष्ट खोटी होती. दुसऱ्यांदा आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी. तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा, या हिवाळ्यात ते गेल्यावर, शोकसभेसाठी. त्या दिवशी मी जबलपुरात गढ्यातल्या माझ्या घरातून निघालो, चौकापर्यंत आलो, त्यांच्या घमापुरकडे जाणारी ऑटो समोर थांबली, आणि मी भाजी घेऊन परत आलो.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. बारा वर्षं ही गोष्ट सांगायची टाळली. आता टाळली तर ती माझ्याबरोबर जाईल, आणि एका मुलीचं आयुष्य एका खोट्या कागदावर अडकून राहील. म्हणून लिहितो.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर कंपाउंडर होतो. जबलपुरातल्या ज्या दवाखान्यात मी काम करायचो तो बंद पडला, तेव्हा चोपन्नाव्या वर्षी एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत लागलो. कंपनीचं काम लडाखमध्ये चाललं होतं, सतरा हजार फुटांवरच्या एका खिंडीकडे जाणारा रस्ता. वर्षातले सहा महिने काम, बाकीचे सहा महिने बर्फ. कॅम्पवर दवाखाना म्हणजे एक पत्र्याची खोली, दोन ऑक्सिजन सिलिंडर, एक लोखंडी पेटी आणि मी.

पहिल्याच आठवड्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. बुटका, रुंद, मफलर अशी बांधलेली की डावा कान झाकलेला आणि उजवा उघडा. मी हिंदीत विचारलं, काय होतंय. तो माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही जबलपूरचे ना? बोलण्यावरून वाटून राहिलं."

"गढ्याचा," मी म्हणालो.

"मी घमापुरचा. मेश्राम. डोझर चालवतो. काही नाही झालं मले. नवे डाक्टर मराठी हाय असं ऐकलं, तर पाहावं म्हणून आलो."

मी विचारलं, एक कान उघडा का. म्हणाले, "इंजिनसाठी. इंजिन खोटं बोलत नाही, डाक्टरभैया. माणूस बोलते."

मी डॉक्टर नाही हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं असेल. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांचा डाक्टरभैया होतो.

त्या उंचीवर माणूस कसा होतो, हे खाली बसून कळणार नाही. बुटाची नाडी बांधली की दम लागतो. भूक मरते, झोप तुटते, चिडचिड होते. चाळीस वर्षांचे धट्टेकट्टे लोक पाण्याची बादली उचलून मधेच ठेवतात आणि ती कुठे न्यायची होती हे विसरून उभे राहतात. मी स्वतः पहिले दोन महिने रोज सकाळी आपलं नाव आणि वार मनात म्हणून बघायचो.

दादाराव मात्र तिथे घरी आल्यासारखे चालायचे. चढावर बोलायचे, आणि बोलता बोलता हसायचेही. मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचो, तर आकडा असा यायचा की मी यंत्र पुसून पुन्हा लावायचो. कॅम्पवर स्तानझिन नावाचा तिथलाच एक फोरमन होता, ज्याच्या शंभर पिढ्या त्या हवेत वाढल्या. त्याचा आणि दादारावांचा आकडा शेजारी शेजारी असायचा. स्तानझिन त्यांना म्हणायचा, "मेश्रामजी, आपके दादा लोग इधर से ही गए होंगे." दादाराव म्हणायचे, "हमारे दादा भंडारा से आगे नहीं गए कभी. जबलपुर आए तो वही परदेस था."

सकाळी डोझर सुरू करणं हा तिथला सगळ्यात कठीण विधी. डिझेल गोठून घट्ट झालेलं असायचं. दादाराव आदल्या संध्याकाळी बॅटऱ्या काढून आपल्या खोलीत आणायचे आणि बुखारीजवळ, म्हणजे आमच्या लोखंडी शेगडीजवळ, स्वतःच्या अंथरुणापेक्षा जवळ ठेवायचे. पहाटे इंजिनखाली पत्र्याच्या परातीत विस्तव ठेवून बसायचे. मग एक लांब पाना घ्यायचे, एक टोक इंजिनला आणि दुसरं उघड्या कानाला. आम्ही दहा-बारा जण हात काखेत घालून उभे. ते डोळे मिटून म्हणायचे, "अजून नाही. पोटात गारठा हाय तिच्या." आणखी पाच मिनिटं. मग एकदम, "हो आता." आणि ती सुरू व्हायची. शेजारच्या कॅम्पवरचे इंजिनीयर हे बघायला यायचे. जबलपुरात रिछाईच्या एका वर्कशॉपमध्ये पंधरा वर्षं मशिनी दुरुस्त करून ते हे शिकले होते. कागदावर शिक्षण आठवीपर्यंतचं.

पण शिकण्याबद्दल त्यांना जो आदर होता, तो मी शिकलेल्यांत फार कमी पाहिला. त्यांचे वडील कारखान्यात जाताना त्यांना सायकलवर पुढे बसवून पाढे म्हणायला लावायचे. पाढा चुकला तर सायकल थांबायची, आणि बरोबर आल्याशिवाय पुढे जायची नाही. "वडलांना किती वेळा उशीर झाला माझ्यापायी," ते सांगायचे. "हाजिरी कटली, पण सायकल नाही हलवली." लायसन्सच्या परीक्षेच्या वेळी त्यांनी नियमांचं अख्खं पुस्तक पाठ केलं होतं. साहेबाने दोन प्रश्न विचारले आणि सोडून दिलं, याचं त्यांना इतक्या वर्षांनीही वाईट वाटायचं.

हीच सवय पुढे त्यांच्या मुळावर आली. ती त्यांची चूक नव्हती.

रस्ता जसजसा वर सरकत गेला, तसतशी त्यांनी वळणांना जबलपुरातली नावं दिली. पहिलं गर्दीचं वळण, जिथे ट्रक अडकायचे, ते घमापुर. त्याच्या पुढचा धुराळ्याचा चढ रिछाई. जिथे पांढरा खडक पाण्याने गुळगुळीत झाला होता, ते आमच्या नर्मदेच्या संगमरवरी कड्यांवरून भेडाघाट. सुरुवातीला ही थट्टा होती. मग वायरलेसवर बोलणारा पंजाबी मुलगा सांगू लागला, "घमापुर में पत्थर गिरा है." पुढे फौजेचे ड्रायव्हरही तसंच म्हणू लागले. जबलपूर कुठे आहे हे ज्यांना ठाऊक नाही, अशी माणसं जगाच्या छपरावर उभी राहून घमापुरचं नाव घेत होती. मला त्या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

दुसऱ्या हंगामात त्यांनी धाकट्या भावाला, वसंताला, कामाला आणलं. एका आईची दोन मुलं, एका ताटात जेवलेली. वसंता तर अंगाने जास्त भरलेला. तिसऱ्या दिवशी त्याला खोकला सुरू झाला, चौथ्या दिवशी ओठ निळे पडले आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला. छातीत पाणी भरलं होतं. औषध एकच, खाली नेणं. आणि कॅम्पच्या खालीच अर्धा डोंगर रस्त्यावर आला होता.

मी वसंताला जीपमध्ये घेतलं, सिलिंडर लावला. दादाराव डोझरवर चढले आणि आमच्या पुढे निघाले. तो दगडमातीचा ढीग त्यांनी चार तास बाजूला केला. डाव्या हाताला पाताळ, आणि डोझरचा एक साखळीपट्टा अर्धा हवेत. मला वाटलं होतं ते सारखे मागे वळून पाहतील. एकदाही पाहिलं नाही. दर वेळी ब्लेड खाली, मागे, पुन्हा खाली, जणू रोजचंच काम. रस्ता जीपपुरता मोकळा झाला तेव्हा ते उतरून खिडकीशी आले.

"श्वास हाय ना?"

"आहे."

"मग जा. पुढं पण थोडं पडलं असंन, मी मागं येतो." आणि भावाच्या कपाळाला हात न लावता परत चढले. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हात लावला असता तर डोझरवर चढवलं नसतं माझ्यानं."

वसंता खाली पोचल्यावर एका दिवसात उठून बसला आणि भात मागू लागला. तो पुन्हा कधी वर आला नाही. आता नागपुरात असतो.

ही गोष्ट ऐकूनच बहुधा एक डॉक्टर मॅडम आमच्या कॅम्पवर यायला लागल्या. त्या उंचीवर काम करणाऱ्यांच्या रक्ताचा आणि मेंदूचा अभ्यास करत होत्या. वर्षातून एकदा आठवडाभर यायच्या. त्यांनी दादारावांचं रक्त घेतलं, स्तानझिनचं घेतलं, खाली जाऊन वसंताचंही घेतलं. एका दुपारी चहा पिताना त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. खालून आलेल्या माणसाचं रक्त वर घट्ट होत जातं, कारण हवा कमी म्हणून शरीर घाबरून लाल पेशी वाढवतं. तिथल्या लोकांचं तसं होत नाही. त्यांच्या जनुकांतच, म्हणजे आईबापांकडून जो साचा मिळतो त्यात, ती न घाबरण्याची समजूत आहे. खालच्या लोकांतही एखादा असा निघतो. दादाराव तसे होते. सख्ख्या भावांतही एकाला ते मिळतं, एकाला नाही. का, ते पूर्ण आम्हालाही अजून माहीत नाही, असं त्या मोकळेपणाने म्हणाल्या.

दादारावांनी विचारलं, "मतलब मैं पास?"

मॅडम हसल्या. "खून में पास. दिमाग अलग चीज है."

मग त्या मला बाजूला घेऊन बोलल्या. ज्याचं रक्त इतकं चांगलं साथ देतं तो माणूस आजारी पडत नाही, म्हणून त्याला कोणी खाली पाठवत नाही, म्हणून तो सगळ्यांपेक्षा जास्त दिवस वर राहतो. आणि मेंदूला तर हवा कमीच मिळत असते. लक्ष, स्मरण, हळूहळू कमी होऊ शकतं, आणि त्या माणसाला स्वतःला कळत नाही. त्यासाठी एक चाचणी होती. दर महिन्याला प्रत्येकाला दहा शब्द एकदा वाचून दाखवायचे, पाच मिनिटं नाडी आणि रक्तदाब बघायचा, मग किती आठवतात ते लिहायचं. शब्दांच्या तीन याद्या होत्या, आळीपाळीने वापरायच्या. ज्याचे शब्द कमी होत जातील त्याला खाली पाठवून डोक्याचा फोटो काढायचा.

जाताना त्या म्हणाल्या, "खून मैं देख लूँगी, दिमाग आपको देखना है."

मी हो म्हणालो.

तिसऱ्या हंगामात माझ्या लोखंडी पेटीत रॉकेल सांडलं. औषधांच्या पेटीत रॉकेलची बाटली ठेवायची नसते. मी ठेवली होती, कारण ती माझ्या बुखारीची होती आणि बाहेर ठेवली की चोरीला जायची. दोन याद्या भिजून शाई पसरली. एक उरली. वायरलेसवर सांगून दुसऱ्या याद्या मागवता आल्या असत्या. पण मग पेटीत रॉकेल कसं आलं, हे सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात मागवू. त्या महिन्यात मी तीच यादी वाचली. पुढच्या महिन्यातही.

घडा, रस्सी, मोर, चाबी, नदी, टोपी, सेब, दरवाजा, ऊँट, चाँद.

तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की लोकांचे आकडे वाढू लागलेत. बाहेर चहाच्या वेळी आवाज येत होता. जाऊन बघितलं तर दादाराव उलट्या डब्यावर बसलेले, समोर सात-आठ मजूर, आणि पाढ्याच्या चालीवर चाललं होतं, "घडा रस्सी मोर चाबी, नदी टोपी सेब..." एक बिहारी मजूर ऊँटापाशी अडला. दादारावांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "नहीं. फिर से. जब तक नहीं आएगा, चाय नहीं."

त्यांच्या वडिलांची सायकल थांबली होती.

मी म्हणालो, "मेश्रामजी, हे काय करून राहिले?"

"परीक्षा हाय ना, डाक्टरभैया? मग अभ्यास नको का?" ते अगदी सरळपणे म्हणाले. त्यांनी काही लपवलं नव्हतं. यादी बदलायला हवी असते, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मला ठाऊक होतं. त्यांना वाटलं, सरकारनं का कुणी ही परीक्षा ठेवली आहे, गरीब माणसं नापास होऊन खाली जातायत, तर त्यांना शिकवलं पाहिजे. त्यांच्या आयुष्यात चांगुलपणाची जी सगळ्यात मोठी कल्पना होती, ती ते करत होते.

आणि मला ते सोयीचं होतं. सगळे पास, म्हणजे कोणाला खाली पाठवायचं नाही, चार पानी अहवाल नाही, कॅम्पचे साहेब खूश. पुढच्या वर्षी मॅडमनी माझे कागद बघून विचारलं, "यहाँ सबकी याददाश्त इतनी अच्छी है?" मी म्हणालो, "मेहनती लोग हैं." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर त्यांची बदली झाली. कागद मात्र चालू राहिले.

मीही तीच विरळ हवा घेत होतो, असं कोणी माझ्या बाजूने म्हणेल. तसं म्हणू नये. आळस मी जबलपुरातून बरोबर नेला होता.

सहाव्या हंगामातली ऑगस्टची दुपार. मी पुढच्या टोकाला एका मजुराची पट्टी बदलायला गेलो होतो, आणि परत येताना दादारावांच्या डोझरच्या केबिनमध्ये त्यांच्या बाजूला टेकलो. ऊन लख्ख होतं. पांढरा खडक मागे पडला, चढ उतरला, आणि पुढच्या वळणावर त्यांनी डोझर थांबवला. उघडा कान जरा पुढे केला, जणू रस्ता काही सांगणार होता.

"डाक्टरभैया, हे कोणतं?"

मला वाटलं थट्टा आहे. त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथे थट्टा नव्हती.

"घमापुर," मी म्हणालो.

"अच्छा. होय ना. घमापुर." आणि त्यांनी मान वर केली. मीही वर पाहिलं. केबिनच्या छताला आतून खडूने लिहिलं होतं, त्यांच्या त्या नीटनेटक्या शाळकरी अक्षरात. भेडाघाट, मग रिछाई, उतार. मग घमापुर, डावीकडे. मग कॅम्प. शेवटी बाण.

"हे काहून लिहिलं?" मी विचारलं.

"असंच. पोरांसाठी."

त्या डोझरवर त्यांच्याशिवाय कोणी बसत नव्हतं.

दोन दिवसांनी महिन्याची चाचणी होती. ते दाढी करून आले. मी यादी वाचली, नाडी बघितली, रक्तदाब बघितला, पाच मिनिटं झाली. त्यांनी दहाही शब्द म्हटले, पाढ्याच्या चालीत, न अडखळता, आणि माझ्याकडे पाहिलं. "पास ना?"

माझं पेन कागदावर टेकलेलं होतं. खिंड दीड किलोमीटर राहिली होती. साहेब आदल्याच दिवशी म्हणाले होते, मेश्राम आहे तोवर हे काम होईल. शेरा लिहायला दोन ओळींची जागा होती. खडूची गोष्ट तिथे लिहिता आली असती.

मी लिहिलं, दहापैकी दहा. म्हणालो, "पास."

त्या हंगामात खिंड झाली नाही. पुढच्यातही नाही. त्यापुढच्यात झाली. तो शेवटचा तुकडा दादारावांनीच काढला. रस्ता वर पोचला तेव्हा पलीकडच्या दरीतून वारा आला. ते डोझरवरून उतरले, पायानं जमीन दाबून पाहिली, आणि स्तानझिनला म्हणाले, "अच्छा है. पर हम लोग आए किधर से?" सगळे हसले. मी हसलो नाही.

खाली आल्यावर कंपनीने माझ्याच कागदांवरून त्यांना एक प्रमाणपत्र दिलं, सोबत त्या कागदांच्या प्रती. इतके हंगाम उंचीवर काम करूनही स्मरणशक्ती अबाधित. मंडळाने सत्कार केला, आणि भाषण मी केलं. मी म्हणालो, हिमालयाला ज्या मेंदूला हात लावता आला नाही, असा हा आपला घमापुरचा माणूस. टाळ्या झाल्या. दादाराव पहिल्या रांगेत, शाल सांभाळत, मान खाली घालून बसले होते. त्यांच्या मुलीने, संगीताने, ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलं.

चार-पाच वर्षांत ते बाजारात जाऊन परत यायचे विसरू लागले. पुढे रस्ता, पुढे दिवस, पुढे पत्नी वारली आहे ही गोष्ट. संगीता त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, उंचीवर काही त्रास झाला होता का. तिने ते प्रमाणपत्र आणि माझे सगळे महिन्यांचे कागद पुढे ठेवले. डॉक्टरांनी नीट बघितले आणि म्हणाले, मग पहाडाचा काही संबंध दिसत नाही. घरात आधी कोणाला असं होतं का? दादारावांची एक आत्या म्हातारपणी सगळं विसरली होती. मग हे रक्तातून आलेलं असण्याची शक्यता जास्त, असं ठरलं.

संगीताचं लग्न नागपूरच्या एका शिक्षकाशी ठरलं होतं. तिने स्वतःच मोडलं. मला हे तिच्या तोंडून कळलं, माझ्या पुढ्यात चहा ठेवताना, जसं भाजी महागली असं सांगावं तसं. "कोणाच्या घरी हे घेऊन जाऊ, काका? उद्या मीच विचारीन, तू कोण म्हणून." ती शाळेत शिकवते. रोज सकाळी हजेरीपटावरची नावं न बघता म्हणून पाहते. एक जरी चुकलं तर दिवसभर तिचा हात गार असतो, असं म्हणाली.

तेव्हाही मी चहा प्यालो आणि घरी आलो. याला दोन वर्षं झाली.

मी डॉक्टर नाही, म्हणून पहाडाने केलं की रक्ताने, हे मी सांगू शकत नाही. कदाचित कोणीच सांगू शकणार नाही. वसंताला तेच आईबाप, आणि तो आज साठीतही नागपुरातल्या प्रत्येक बसचा नंबर सांगतो, पण तोही पुरावा नव्हे. मला एवढंच माहीत आहे की ज्या कागदांवरून डॉक्टरांनी पहाड बाजूला ठेवला, ते कागद पोकळ होते. जो फोटो निघायला हवा होता, तो माझ्यामुळे निघाला नाही.

इथवरचं सगळं लिहून मी गेल्या रविवारी सगळ्यात आधी संगीताला नेऊन दिलं. तिने दारातच उभ्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं आणि परत पहिल्या पानावर गेली. मग म्हणाली, "म्हणजे काका, हे दहा-दहा आकडे खोटे?"

"आकडे खरे आहेत," मी म्हणालो. "परीक्षा खोटी होती."

स्टुलावर चढून तिने भिंतीवरचं प्रमाणपत्र काढलं, माझे जुने कागद काढले, आणि सगळं एका पिशवीत घातलं. "उद्या डॉक्टरकडे जाईन. तुम्ही पण चाला. तुमच्या तोंडानं सांगा." मी गेलो. सांगितलं. डॉक्टर म्हणाले की पुन्हा सगळं पाहावं लागेल, आणि संगीताच्या मनात जे पक्कं बसलं आहे तितकं पक्कं कोणालाच म्हणता येणार नाही. बाहेर आल्यावर ती माझ्याशी न बोलता ऑटोत बसली. पण सरकून जागा केली.

हे मी दादाराव असताना करायला हवं होतं. त्यासाठी मी गेलो होतो, ते जाण्याच्या वीस-बावीस दिवस आधी. मनाशी वाक्य पाठ करून गेलो होतो. दुपारची वेळ, अंगणात ऊन, ते खाटेवर बसलेले. मफलर तशीच, उजवा कान उघडा. संगीता शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "बाबा, कोण आलं बघा." ते माझ्याकडे बघून नम्रपणे हसले, जसं पाहुण्याकडे बघून हसतात. मग तिच्याकडे पाहून विचारलं, "ह्या ताई कोण?" तिने शेंग सोलता सोलताच सांगितलं, "मी संगीता, बाबा." "अच्छा, चांगलं नाव हाय," ते म्हणाले.

ती पाणी आणायला आत गेली. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसलो. काय करावं न कळून, सवयीने, त्यांचं मनगट हातात घेतलं आणि नाडी बघू लागलो.

ते ताठ झाले. पाय जुळवले. डोळे मिटले आणि उघडा कान जरा माझ्याकडे केला. मी एक शब्दही उच्चारला नव्हता. आणि त्यांनी सुरू केलं, हळू, पण चालीत. घडा, रस्सी, मोर, चाबी. नदी, टोपी, सेब. त्या माणसाच्या डोक्यातून बायको गेली होती, मुलगी गेली होती, हाताने कोरलेला अख्खा रस्ता गेला होता. दरवाजा, ऊँट. ते थांबले. माझी बोटं त्यांच्या नाडीवर होती, आणि ती तशीच एका लयीत चालली होती, जशी खिंडीत चालायची. एवढ्या ओसाड जागेत तो शेवटचा शब्द कुठे ठेवला असेल त्यांनी, आणि कोणासाठी. मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. मेश्रामजी, माझी चूक झाली, मला माफ करा.

"चाँद," ते म्हणाले, आणि डोळे उघडून पहिल्यांदाच मला ओळखल्यासारखं पाहिलं. "पास ना, डाक्टरभैया?"

मी म्हणालो, "पास."